स्वस्त तिकीट पॅरिसचं, परतीची वाट रोमहून

नाशिकच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या, त्यांचे पती, 14 वर्षांची मुलगी आणि 71 वर्षांच्या सासूबाई असे चौघं मे महिन्यात युरोपला जाणार आहेत. बेत 14 रात्रींचा: पॅरिसला 4, स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला 4, व्हेनिसला 2, रोमला 4. पतींनी आखाती विमान कंपनीचं मुंबई-पॅरिस-मुंबई तिकीट माणशी 61,000 रुपयांना शोधलं आहे. पॅरिस-झुरिक आणि झुरिक-व्हेनिस ही विमानं वेगळी घ्यायची. शेवटच्या दिवशी दुपारी स्वस्त कंपनीच्या विमानाने रोमहून पॅरिसच्या बोव्हे विमानतळावर उतरायचं आणि रात्री साडेनऊला शार्ल द गॉल विमानतळावरून मुंबई गाठायची. पॅरिसला उतरून रोमहून परतायचं तिकीट माणशी 70,000ला मिळतं, म्हणजे चौघांचे 36,000 रुपये वाचतात असा त्यांचा हिशोब आहे. जर्मनीतले दीर म्हणतात, 'फ्रँकफर्टला या, तिथून सगळीकडे स्वस्त विमानं मिळतात.' जाताना आखाती विमानतळावर विमान बदलायला 1 तास 10 मिनिटं आहेत, ती पुरतील का, ही भगिनींची धास्ती. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण व्हीलचेअर म्हटलं की त्यांना अवघड वाटतं. 'कोणता विमानतळ निवडावा आणि 36,000 रुपयांवर पाणी सोडावं का?' असा प्रश्न आहे.

नमस्कार,

आधी तुमचा हिशोबच तपासू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. 61 आणि 70 हजारांची तुलना करताना रोमहून पॅरिसला परत येण्याचा खर्च कुठेच धरलेला नाही. स्वस्त विमानाचं भाडं माणशी 45 युरो धरलं तर चौघांचे 180. त्या भाड्यात फक्त सीटखाली मावणारी पिशवी येते. 20 किलोची बॅग साधारण 35 युरो, तीन बॅगांचे 105. बोव्हेहून पॅरिसपर्यंत बस माणशी 17 युरोच्या आसपास, म्हणजे 68. तिथून शार्ल द गॉलला जाणाऱ्या आरईआर 'बी' गाडीचं तिकीट माणशी 14 युरोच्या घरात, ते 56. बेरीज 409 युरो. युरो 105 रुपयांना धरला तर जवळपास 43,000 रुपये. वाचणार होते 36,000. बचत तर नाहीच, उलट पदरचे सात हजार गेले आणि रोममधला अख्खा दिवसही गेला.

खरा धोका पैशांपेक्षा वेगळा आहे. बोव्हे हे नावापुरतं पॅरिस, शहराच्या उत्तरेला सुमारे 85 किलोमीटर. शार्ल द गॉलला जायचं तर आधी बसने पॅरिसमध्ये या आणि गाडी पकडून पुन्हा बाहेर पडा. दुपारी दीडला उतरून रात्री साडेनऊचं विमान, म्हणजे आठ तास हाताशी आहेत असं कागदावर दिसतं. पण रोमचं विमान रद्द झालं तर? स्वस्त कंपन्या तुम्हाला पुढच्या विमानात बसवतात, आणि ते अनेकदा दुसऱ्या दिवशी असतं. मुंबईचं विमान मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. दोन तिकिटं वेगवेगळी असल्याने त्या कंपनीच्या लेखी तुम्ही 'नो शो', न आलेले प्रवासी. चार माणसांची एकेरी तिकिटं आयत्या वेळी काढायची म्हणजे काय, ते मे महिन्यातले दर पाहून तुम्हीच ठरवा. शिवाय व्हिसा त्या दोन-चार दिवसांत संपत असेल तर ती वेगळीच कटकट.

विमानतळ निवडताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न 'स्वस्त कुठलं?' हा असतो. माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: सहलीतला पहिला मुक्काम कुठे आणि शेवटचा कुठे? दुसरा: मधलं विमान चुकलं तर नुकसान कोणाचं, कंपनीचं की आपलं? या दोन्हींची उत्तरं मिळाल्यावर मगच भाडं बघावं. जिथून निघालो तिथेच परत यायला हवं, हा नियम तिकिटांच्या बाबतीत कोणी केलेला नाही. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याच्या तिकिटाला 'ओपन जॉ' म्हणतात. विमान कंपन्या ते साध्या परतीच्या तिकिटासारखंच विकतात. शोधताना 'राउंड ट्रिप' सोडून 'मल्टि-सिटी' निवडायचं, पहिल्या ओळीत मुंबई ते पहिलं शहर, दुसऱ्या ओळीत शेवटचं शहर ते मुंबई. दोन एकेरी तिकिटं जोडून पाहू नका. बड्या कंपन्यांची एकेरी तिकिटं बहुधा महाग पडतात आणि त्यात एका पीएनआरचं संरक्षणही राहत नाही.

इथे एक सावधगिरी. परतीच्या तिकिटातला एखादा टप्पा आपणहून सोडला तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. 'स्वस्त आहे म्हणून पॅरिसचं परतीचं घेऊ आणि हवं ते विमान वापरू' हे शेवटच्या टप्प्याला फार तर खपतं, पहिल्या किंवा मधल्या टप्प्याला अजिबात नाही.

आता तुमच्या बेतातली दुसरी धरून चाललेली गोष्ट: युरोपात शहरं बदलायला विमानच लागतं. झुरिक ते व्हेनिस विमान तासाभराचं असतं हे खरं. पण ल्युसर्नहून झुरिक विमानतळापर्यंत तास-सव्वातास, तिथे दोन तास आधी पोहोचणं, उतरल्यावर बॅगा, मग व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावरून बस किंवा बोट. सगळं मिळून साडेपाच-सहा तास होतात. ल्युसर्नहून गॉटहार्डच्या बोगद्यातून मिलानला जाणारी रेल्वे सव्वातीन तासांच्या आसपास घेते, आणि मिलानहून व्हेनिस अडीच तासांचं. गाडी बदलण्यासह सहा-साडेसहा तास. वेळ जवळपास तेवढाच, पण सुरक्षा तपासणी नाही, बॅगेचं वजन नाही आणि सासूबाईंना चालावं लागतं ते फक्त फलाटावर. त्यांच्या मानाने आल्प्स ओलांडायचा हाच मार्ग बरा. पॅरिस आणि स्वित्झर्लंडमध्येही तसंच: बाझेल ते पॅरिस टीजीव्ही लिरिया ही वेगवान रेल्वे तीन तासांच्या आसपास, झुरिकहून चार. या गाडीत आरक्षण सक्तीचं असतं, म्हणून तारीख ठरली की लगेच घ्या.

तुमच्या जागी मी सहल उलटी फिरवली असती. रोम आधी, मग व्हेनिस, मग ल्युसर्न, शेवटी पॅरिस. याला तीन कारणं आहेत. एक, मेच्या सुरुवातीला रोममधलं ऊन सोसवतं, महिनाअखेरीस ते चढायला लागतं. उलट आल्प्समध्ये जितकं उशिरा जावं तितकं बरं, वरच्या भागातला बर्फ वितळत जातो. दोन, मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. रोमला मात्र एकदा बदलावं लागेल असंच धरून चाला. बदलण्याची दगदग जाताना, अंगात उत्साह असताना झालेली बरी. परतीला सगळे थकलेले असतात, बॅगा फुगलेल्या असतात, तेव्हा थेट विमान हवं. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जाताना विमान चुकलं तर रोममधली एखादी संध्याकाळ जाते. परतीला चुकलं तर रजा, व्हिसा आणि मुलीचा क्लास असं सगळंच अडकतं.

मल्टि-सिटीत मुंबई-रोम आणि पॅरिस-मुंबई टाकून पाहा. केएलएम आणि एअर फ्रान्स एकाच गटातल्या कंपन्या असल्याने जाताना ॲमस्टरडॅममार्गे रोम आणि परतताना पॅरिसहून थेट, असं एकाच तिकिटावर बसू शकतं. जाताना शक्य असेल तर पॅरिसऐवजी ॲमस्टरडॅममध्येच विमान बदला. कारण पुढे येतंच. हे तिकीट 70,000पेक्षा महाग निघेल अशी शक्यता धरा. किती महाग चालेल याचं माझं मोजमाप साधं आहे: युरोपातला एक दिवस तुमच्या चौघांना किती पडतो? दोन खोल्या, जेवण, शहरातली वाहनं मिळून 25 ते 30 हजार सहज. थेट विमानाने तुमचा पाऊण दिवस वाचत असेल, तर माणशी पाच-सहा हजार जास्त देणं तोट्याचं नाही. माणशी 20 हजारांचा फरक असेल तर मात्र आखाती विमानतळावरून रोमला जा आणि पॅरिसहून त्याच कंपनीने परत या. त्यात कमीपणा काहीच नाही. आखाती विमानं पहाटे निघून दुपारी युरोपात उतरवतात, तेव्हा हॉटेलची खोली मिळायची वेळ झालेली असते. युरोपीय कंपन्यांची मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारी विमानं सकाळी सहा-सातला उतरवतात, आणि मग खोली मिळेपर्यंत दुपारी तीनपर्यंत आजींना घेऊन कुठे बसायचं हा प्रश्न पडतो.

आता तुमच्या 1 तास 10 मिनिटांबद्दल. प्रत्येक विमानतळाची विमान बदलण्याची किमान वेळ ठरलेली असते, आणि तिच्यापेक्षा कमी अवधीचं तिकीट कंपनीची यंत्रणा विकतच नाही. फ्रँकफर्टला ही वेळ साधारण 45 मिनिटं, झुरिकला 40. म्हणजे 1 तास 10 मिनिटं नियमात बसतात, आणि तिकीट एकच असेल तर विमान चुकल्यास दुसऱ्यात बसवणं कंपनीचं काम. पण ही किमान वेळ धडधाकट, एकट्या, हातात छोटी पिशवी असलेल्या प्रवाशाची आहे. व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून सगळ्यांत शेवटी उतरतात, त्यात 15-20 मिनिटं सहज जातात. विमान दूर उभं केलं असेल तर शिडी उतरून बसने जायचं, त्यात आणखी 15. पुढच्या विमानाचं दार सुटायच्या 15-20 मिनिटं आधी बंद होतं. हाती काय उरलं? तुम्ही अडीच ते साडेतीन तासांचा अवधी निवडा. चारच्या वर गेलं की गुडघ्यांना विश्रांती मिळते हा गैरसमज आहे, विमानतळावरच्या खुर्च्या विमानातल्यापेक्षा वाईट असतात.

अवधी बघताना आणखी एक गोष्ट बघा, ती फार कमी जण बघतात: चुकलं तर पुढचं विमान कधी? फ्रँकफर्ट, म्युनिक, ॲमस्टरडॅमहून रोमला दिवसात अनेक विमानं असतात, सकाळचं चुकलं तर दुपारी पोहोचता. एखाद्या आखाती शहराहून व्हेनिससारख्या ठिकाणी दिवसाला एकच असेल तर तुम्ही थेट उद्या. म्हणून जोडविमान हे त्या मार्गावरचं दिवसातलं शेवटचं असू नये. 23 जून 2025च्या रात्री कतारने आपलं हवाई क्षेत्र अचानक बंद केलं, तेव्हा दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी मध्येच अडकले. एका तिकिटावर असलेल्यांना पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीवर होती. तिथून पुढचं तिकीट स्वतंत्र काढलेल्यांना असा आधार कोणाचाच नसतो.

आखाताऐवजी युरोपातच विमान बदललं तर शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम लक्षात ठेवा. पासपोर्ट तपासणी शेंगेन क्षेत्रातल्या पहिल्या विमानतळावर होते. ॲमस्टरडॅममार्गे रोमला गेलात तर इमिग्रेशन ॲमस्टरडॅमला, बॅगा मात्र थेट रोमला मिळतील. रोमला उतराल तेव्हा तिथे पासपोर्ट कोणी विचारणार नाही, घाबरू नका. ऑक्टोबर 2025पासून शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद करण्याची ईईएस यंत्रणा सुरू झाली आहे. व्हिसाच्या अर्जावेळी तुमचे बोटांचे ठसे घेतलेले असतातच, सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेतात. तरी रांगा लांबतात. म्हणून युरोपातल्या पहिल्या विमानतळावर दोन तासांपेक्षा कमी अवधी घेऊ नका, तुम्ही तर अडीच तासच धरा. हँडबॅगेचीही पुन्हा तपासणी होते, पाण्याची बाटली विमानातच संपवा.

विमानतळागणिक चालणं बदलतं. ॲमस्टरडॅमचं स्किपोल एकाच छताखाली आहे, लांब आहे, पण टर्मिनल बदलावं लागत नाही. म्युनिकला लुफ्तान्झा गटाची विमानं एकाच टर्मिनलमध्ये मिळतात. झुरिक आटोपशीर. लांब पल्ल्याच्या विमानांच्या धक्क्यावरून मुख्य इमारतीत आणणारी भुयारी गाडी आहे, तिच्यात गाईच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. तुमच्या मुलीला मजा वाटेल. फ्रँकफर्टला चालणं जास्त. शार्ल द गॉलला टर्मिनल, त्यातले हॉल आणि त्यांची अक्षरं या गुंत्यात माणसं वेळ घालवतात. म्हणून पॅरिस हे सहलीचं शेवटचं ठिकाण म्हणून उत्तम, विमान बदलण्याची जागा म्हणून माझ्या यादीत खाली.

दिरांच्या सल्ल्याबद्दल. फ्रँकफर्ट मोठा विमानतळ आहे, मुंबईहून थेट विमानं आहेत, हे बरोबर. पण तुमच्या बेतात जर्मनी नाहीच. तिथे उतरून वेगळ्या तिकिटांवर फिरायचं म्हणजे बोव्हेचा प्रश्न दोनदा विकत घेणं. शिवाय स्वस्त विमानांच्या यादीत 'फ्रँकफर्ट-हान' असं दिसलं तर सावध व्हा, ते फ्रँकफर्टपासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे. ही नावांची गंमत सगळीकडे चालते. मेमिंगनला 'म्युनिक वेस्ट' म्हणून विकतात, ते म्युनिकपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. ब्रसेल्स शार्लरुआ, व्हेनिस त्रेव्हिझो, स्टॉकहोम स्काव्हस्टा, ओस्लो तोर्प हीही त्याच जातीची. मिलानचे तीन: लिनाते शहरात, मेट्रोने जोडलेला. मालपेन्सा आणि बेर्गामो प्रत्येकी 50 किलोमीटरच्या आसपास. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन खंडांत आहेत. मुख्य विमानतळ युरोपच्या बाजूला आणि साबिहा ग्योकचेन आशियाच्या. शोधताना संकेतस्थळ एका शहराचे सगळे विमानतळ मिसळून दाखवतं, तेव्हा शहराचं नाव न पाहता विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाहा, आणि नकाशावर विमानतळ ते हॉटेल हे अंतर तिकीट घेण्याआधी मोजा.

स्वस्त तिकिटांच्या संकेतस्थळांवर 'सेल्फ ट्रान्सफर' असा शिक्का दिसला तर त्याचा अर्थ असा: बॅगा तुम्ही घ्यायच्या, इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडायचं, पुन्हा चेक-इन करायचं. बाहेर पडायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे स्वस्त तिकीट मिळालं म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी हे वाचावं, शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. बाहेर न पडता नुसतं विमान बदलायचं असलं, तरी भारतीय पासपोर्टवर तिथे साधारणपणे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

व्हिसाबद्दल तुमच्यापुरतं थोडक्यात. सर्वांत जास्त मुक्काम ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. तुमच्या 6 रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. सहल उलटी केली तरी हे बदलत नाही, आणि विमान ॲमस्टरडॅमला बदललं म्हणून नेदरलँड्सकडे जावं लागत नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे रेल्वेने ये-जा केल्याने एकदाच प्रवेशाचा व्हिसाही खर्ची पडत नाही. मधेच लंडन किंवा इस्तंबूलला चक्कर टाकली तर पडतो. अर्ज सहा महिने आधी करता येतो. मे महिन्याच्या वेळा लवकर भरतात, जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट धरा. व्हिसा हाती येण्याआधी परतावा न मिळणारं तिकीट घेऊ नका. अर्जाला विमानाचं आरक्षण दाखवलं तरी चालतं, ते एजंटकडून किंवा काही कंपन्यांकडून थोड्या दिवसांसाठी 'होल्ड'वर मिळतं.

कंपनी निवडताना आणखी एक फरक ध्यानात घ्या. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमाखाली विमान रद्द झालं किंवा तीन तासांहून उशिरा पोचलं, आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला माणशी 600 युरोपर्यंत भरपाई मिळते. चौघांचे 2,400. युरोपातून निघताना कुठल्याही कंपनीला हा नियम लागू. भारतातून जाताना मात्र विमान युरोपीय कंपनी चालवत असेल तरच. तिकिटावरची कंपनी आणि प्रत्यक्ष विमान चालवणारी कंपनी वेगळी असू शकते, म्हणून 'ऑपरेटेड बाय' ही बारीक ओळ वाचा. वादळ, हवाई क्षेत्र बंद अशा कारणांना भरपाई नाही, पण जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल द्यावंच लागतं. पावत्या जपून ठेवा.

तिकीट घेतल्यावर विसरून जाऊ नका. कंपन्या वेळापत्रक बदलतात आणि तीन तासांचा अवधी कधी 50 मिनिटांवर येतो. महिन्यातून एकदा आरक्षण उघडून पाहा. कंपनीनेच वेळ बदललेली असेल तर सोयीचं दुसरं विमान बहुधा विनामूल्य मिळतं, फक्त मागावं लागतं. यासाठीच तिकीट शक्यतो कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा फोन उचलणाऱ्या ओळखीच्या एजंटकडून घ्या. दोनशे रुपये स्वस्त देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर बदल करून घेणं हा स्वतंत्र उद्योग असतो.

सासूबाईंना व्हीलचेअर हा शब्द नको असेल तर 'विमानतळावरची मदत' म्हणा, पण ती घ्याच. तिचे प्रकार असतात. लांब चालवत नाही पण जिना चढता येतो, त्याला 'डब्ल्यूसीएचआर'. जिनाही जमत नाही, त्याला 'डब्ल्यूसीएचएस'. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बहुतेक घरांत पहिला मागतात, आणि विमान दूर उभं राहिलं की शिडीपाशी पंचाईत होते. तुम्ही दुसरा मागा, मग लिफ्टची गाडी येते. युरोपात ही मदत विनामूल्य आहे, 48 तास आधी कळवायची. आरक्षणात नोंद झाली का ते परतीच्या टप्प्यासाठीही तपासा, जाण्याचीच नोंद होऊन परतीची राहून जाते. तिकिटं वेगवेगळी असतील तर ही मदतही मधेच तुटते, तुमच्या पहिल्या बेताविरुद्ध माझं हे शेवटचं कारण. मदतनीसाबरोबर सहसा एकाच नातेवाइकाला सोडतात, तेव्हा बाकीचे दोघं कुठे भेटणार ते आधी ठरवा. आजींची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जोडी कपडे हँडबॅगेत. माणूस पोचला आणि बॅग मागे राहिली, असं कमी अवधीच्या बदलात होतं. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी येते. पहिला मुक्काम रोमसारखा चार रात्रींचा असण्याचा हाही एक फायदा, बॅग तुमच्या मागे शहरं बदलत फिरत नाही.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून लिओनार्दो एक्स्प्रेस ही रेल्वे 32 मिनिटांत शहरातल्या तेर्मिनी या मुख्य स्थानकाला नेते, माणशी 14 युरो, चौघांचे 56. जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचं ठरलेलं भाडं साधारण तेवढंच आहे, आणि ती हॉटेलच्या दारात सोडते. पॅरिसलाही तसंच: सेन नदीच्या उजव्या तीरावरून शार्ल द गॉलपर्यंत टॅक्सीचं बांधलेलं भाडं 56 युरो, डाव्या तीरावरून 65. आरईआरने चौघांना जवळजवळ तेवढेच लागतात, वर बॅगा घेऊन जिने. दोघंच असाल तर रेल्वे, चौघं असाल तर टॅक्सी. परतीच्या दिवशी विमानाच्या साडेतीन तास आधी पोहोचा, कारण बाहेर पडतानाही ईईएसची रांग असते. इटलीत घेतलेल्या वस्तूंवरचा कर परत हवा असेल तर त्याचे कागदही पॅरिसलाच दाखवायचे, बॅग चेक-इन करण्याआधी.

आणि नाशिक-मुंबई हाही जोडप्रवासच आहे, फक्त तो चुकला तर कोणी दुसरं विमान देत नाही. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून 2025मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची भीती कमी झाली आहे. खोळंबा होतो तो पुढे भिवंडी-ठाण्यात, आणि नेमका संध्याकाळी. पहाटे दोनच्या विमानाला रात्री साडेदहाला टी2वर असायचं, तर नाशिकहून संध्याकाळी पाचला निघा. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची नावं आता तिकिटांवर दिसू लागली आहेत, तेव्हा कोणत्या विमानतळावरून उड्डाण आहे तेही वाचा. तारीख तर दोनदा वाचा: तिकिटावर 12 मे, 01.50 असं छापलं असेल तर गाडीवाल्याला 11 मेची संध्याकाळ सांगायची.